काढून ठेवलेला गेम



उपवासकाळ जवळ आला की आपल्या घरांत त्यागाचे बेत ठरू लागतात. मोठी माणसे मांसाहार, मद्य सोडतात. मुले हातातला गेम सोडतात. काही घरांत तो दहावीच्या परीक्षेपर्यंत आईवडीलच काढून घेतात. त्याग चांगलाच. पण ती वस्तू पत्र्याच्या छपराखाली, कपाटावर पडते आणि नऊ महिन्यांनी हाती येते तेव्हा चालूच होत नाही. आपण म्हणतो, "बरे झाले, पीडा गेली!" मुलाला मात्र एवढेच आठवते की, घरच्यांनी 'सांभाळून ठेवतो' असे म्हटले होते.

म्हणून आज थोडे बॅटरीविषयी. हसू नका.

१९८९ चा गेमबॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा. सेल काढून ठेवले की काळजी मिटली. २००३ च्या गेमबॉय ॲडव्हान्स एसपीमध्ये मात्र निन्तेंडोने रिचार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी दिली. अशी बॅटरी यंत्र बंद असतानाही थोडी थोडी उतरत राहते. पूर्ण रिकामी होऊन महिनोन् महिने पडली तर तिला आतून इजा होते आणि मग ती चार्जिंगच घेत नाही. उलट, काठोकाठ भरून उकाड्यात ठेवली तरी ती लवकर म्हातारी होते. म्हणून साधारण अर्धी भरावी, यंत्र नुसते झोपवून न ठेवता पूर्ण बंद करावे, आणि थंड, कोरड्या जागी ठेवावे. स्विचच्या बाबतीत निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा, असे निन्तेंडो स्वतः सांगते. उपवासकाळाच्या दीड महिन्यात काहीच करावे लागत नाही; दहावीच्या वर्षात दोन-तीनदा पाहावे. 'आधी पूर्ण उतरवा, मग भरा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा होता, लिथियमला तो लागू नाही.

ॲरिस्टॉटलचा मध्य हा अंकगणितातला मध्य नव्हे, हे सेमिनरीत आम्ही घोकून शिकलो. अर्धी बॅटरी पाहिली की ते आठवते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात तलांताचा दाखला आहे. भिऊन जमिनीत पुरलेला पैसा निदान होता तेवढा परत मिळाला, तरी धनी संतापला. आपल्या हाती दिलेल्या पुष्कळ गोष्टी तर चांदीसारख्याही नसतात. बांधावरून भांडण झालेल्या भावाशी 'वेळ आली की बोलू' म्हणून बंद ठेवलेले बोलणे असते. संध्याकाळची रोजरीची प्रार्थना असते, पाहुणे आले म्हणून एक दिवस राहिलेली. आपण त्यांना काही केलेले नसते, नुसते बाजूला ठेवलेले असते. त्या मात्र आतून उतरत राहतात, आणि बाहेरून काही दिसत नाही.

बॅटरी फुगून यंत्राचे झाकण उचललेले दिसले तर ते चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. तिथे ती पेट घेऊ शकते आणि कचरा उचलणाऱ्यालाही घर आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा संकलनात ती द्यावी.

राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री हे काम मुलाला सोबत घेऊनच करा. किती चार्ज आहे ते त्यालाच पाहू द्या, कुठे ठेवतो तेही दाखवा. ईस्टरच्या मिस्साहून घरी आलात की त्याने आठवण करून देण्याआधी गेम त्याच्या हातात द्या.