चौथं पुडकं

अकोटजवळच्या एका गावात माझी मावसबहीण राहते. यंदा माघात तिच्याकडे गेलो, तेव्हा कापसाचा चुकारा नुकताच घरात आला होता. स्वयंपाकघरात पाटावर बसून ती नोटा लावत होती. पुढ्यात जर्मनचा जुना डबा आणि रबरबँड लावलेली चार पुडकी. काटापट्टीचे तुकडे फाडून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून तिने ते पुडक्यांत खोचले होते. एकावर 'पेरणी', दुसऱ्यावर 'पोरीचं हॉस्टेल', तिसऱ्यावर 'मामाजीचा दवाखाना'. चौथ्या पुडक्यातला तुकडा कोराच होता.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"हे अजून कोनाचंच नाही, दादा."

तिचा चोवीस वर्षांचा मुलगा दाराला टेकून उभा होता. हातात मोबाइल, त्यावर हिरव्या-लाल काड्यांचा आलेख. तो म्हणाला, "मामा, पेरणीचा पैसा जूनपर्यंत पडूनच तं राहते. माह्याजवळ द्या म्हना. दोन महिन्यांत वीस टक्के काढतो." तिने मान वर केली नाही. "पेरनीचा पैसा पेरनीले विचारल्याशिवाय तुले कसा देऊ?" एवढंच म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

बाजार वर-खाली व्हायला लागला की ओळखीचे लोक मला विचारतात, आता पैसा कुठे टाकायचा? त्या दुपारपासून मी आधी उलटं विचारतो. तो पैसा कोणाचा आहे, आणि त्याला तो कधी लागणार आहे? घरातला बहुतेक पैसा आधीच कोणाचा तरी झालेला असतो. मुलीच्या फीचा, सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा, बियाण्याच्या पिशव्यांचा. ही माणसं गुंतवणुकीच्या चर्चेत बसलेली नसतात. त्यांच्या पैशावर जोखीम घ्यायची, तर त्यांची संमती कोणी घेतली?

वऱ्हाडात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथलं घर आधीच एका अनिश्चित बाजारात पुरतं गुंतलेलं असतं. २०२१च्या उन्हाळ्यानंतर अकोला-वाशीमच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला १० हजारांचा टप्पा ओलांडला, आणि नवा माल यायला लागल्याबरोबर भाव निम्म्यावर आले. २०२४-२५च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभावसुद्धा अनेकांना बाजारात मिळाला नाही. कापसाचंही तसंच. २०२२ मध्ये तो १० हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. निजायच्या खोल्यांत गंजी लागल्या, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, तरी विकवेना. वाट पाहून पाहून शेवटी मिळेल त्या भावात काढावा लागला. एकदा पाहिलेला वरचा भाव माणसाच्या मनात घर करून बसतो. शेअर घेणाऱ्याचंही हेच होतं. पडलेला शेअर 'माझ्या भावाला आला की विकतो' म्हणून तो वर्षानुवर्षं धरून बसतो. बाजाराला आपला खरेदीभाव माहीतही नसतो.

ही कथा जुनी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या भागातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरचं वेड पसरलं. बॅक बेमध्ये समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि त्याच्यामागे सगळा डोलारा. युद्ध कधी संपणार हे इथल्या कास्तकारालाही कळणं शक्य नव्हतं आणि मुंबईच्या शेटलाही. आजही ते कळत नाही. म्हणून ज्याचं पीक पावसावर आणि भावावर टांगलेलं आहे, त्याने आपली शिल्लकही तशाच दोरीला बांधू नये.

मग तीन पुडक्यांचं काय करायचं? पेरणीचा पैसा बचत खात्यात किंवा मे महिन्यात मोकळ्या होणाऱ्या मुदत ठेवीत. हॉस्टेलचा पैसा वर्षा-दोन वर्षांच्या ठेवीत किंवा पोस्टात. दवाखान्याचा पैसा रात्री दोन वाजता हाती येईल असा, आणि सोबत आरोग्यविमा. यातून कोणी श्रीमंत होत नाही, आणि या पैशाचं ते कामही नाही. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण गावोगाव गैरसमज आहे. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२०च्या आधी ते १ लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. पाटी सारखीच दिसते, काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो, व्याज दीड-दोन टक्के जास्त असतं. तो फरक म्हणजे आपण घेतलेल्या जोखमीची मजुरी आहे, हे कोणी सांगत नाही.

मीही सांगितलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा मी अशाच एका पतसंस्थेत ठेवायला लावला. माझे पैसे होते तिथे, व्याज वेळेवर येत होतं, म्हणून. संस्था अडचणीत आली. मला पगार होता, मी सावरलो. ते दर पंधरा दिवसांनी बंद शटरपर्यंत जाऊन येत. मला एका शब्दाने त्यांनी कधी बोल लावला नाही, आणि ते मला आजही सहन होत नाही. आपल्याकडे योजना जाहिरातीने पसरत नाहीत, नात्याने पसरतात. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर या नागपूरच्या दोन कंपन्यांची प्रकरणं उघड झाली. ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये अडकले, संचालकांना अटक झाली. असे पैसे घराघरांतून निघतात ते साडूच्या, डॉक्टरांच्या, शेजारच्या सरांच्या शब्दावर. 'भाऊ, टाकून तर पाहा' म्हणणाऱ्यावर कायद्याने काही जबाबदारी येवो न येवो, माणूस म्हणून ती येतेच.

दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं इथे नवं नाही. गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या घराची हकीकत आहे. मामा कष्टाळू होते, पण हिशेब राहिला सावकाराच्या वहीत, आणि जमीन त्याच्या घशात गेली. तरणा देबूजी, म्हणजे नंतरचे गाडगेबाबा, पुढे सावकाराच्या माणसांना शेतात आडवा गेला. अंगात बळ होतं, घरात कागद नव्हता. नंतर आयुष्यभर हा माणूस कीर्तनातून लोकांना कर्ज काढू नका, शिका म्हणून कळवळून सांगत राहिला, त्याची मुळं मला दापुऱ्याच्या त्या वावरात दिसतात. आज वही मोबाइलमध्ये गेली आहे. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून उतरवलेल्या ॲपमध्ये नफा वाढताना दिसतो, आणि तो आकडा लिहिणारा हात दुसऱ्याचाच असतो. सेबीकडे नोंदणी आहे का, पैसे आपल्या नावाच्या खात्यात आहेत का, आणि त्यातले थोडे आज काढता येतात का, एवढं तरी पाहावं.

राहिलं चौथं पुडकं. बाजारात जाण्याचा हक्क मला त्यालाच वाटतो. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांपर्यंत गेला, मार्च २००९ पर्यंत ८ हजारांच्या आसपास आला, आणि परत २१ हजारांवर बंद व्हायला नोव्हेंबर २०१० उजाडला. मधली जवळजवळ तीन वर्षं ज्याला पैसे लागले नाहीत, तो तरला. ज्याच्या लेकीचं लग्न २००९ मध्ये निघालं, त्याला शेअर तोट्यात विकावे लागले. दोघांची हुशारी सारखीच होती. म्हणून सात-आठ वर्षं न लागणारा पैसा, दरमहा थोडा थोडा, म्हणजे एसआयपीने, साध्या निर्देशांक फंडात. जानेवारी २०२५ मध्ये बाजार घसरत असताना देशात नव्या सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. मुदत संपल्या त्याही त्यात आल्या, पण बंद करणाऱ्यांतल्या किती जणांनी पेरणीचा पैसा तिथे लावला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

निघताना भाचा मला एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडीला वेळ होता. तो हळूच म्हणाला, "मामा, ऑप्शनमध्ये माहे तीस हजार गेले. मित्राचे होते." मी त्याला सेबीचा आकडा सांगितला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० जणांपैकी ९३ जणांचं नुकसान झालं, सगळं मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तो एकटा मूर्ख नाही, हे त्याला कळावं म्हणून सांगितलं. आणि म्हटलं, आईला आजच सांग, माझ्या तोंडून तिला कळू देऊ नको.

त्याने रात्रीच सांगितलं. मित्राचे पैसे चौथ्या पुडक्यातून गेले. बाकीच्या तिघांना तिने हात लावला नाही. उरलेल्यातून महिन्याला एक हजाराची एसआयपी सुरू झाली, तिच्या नावाने. दर महिन्याला तो तिला आकडा वाचून दाखवतो आणि ती तो वहीत लिहून घेते.

परवा फोनवर म्हणाली, "कमी झाले म्हनते पोरगं. असू दे. त्याईले कुठं जूनमध्ये पेराचं हाय."