घास कोणासाठी?

काशीला जाणं ही मराठी घरांत एके काळी आयुष्यभर बाळगायची इच्छा होती. आता मुंबई-पुण्याहून शुक्रवारी निघून रविवारी रात्री परतता येतं. विश्वनाथाचं दर्शन आणि गंगेची आरती यांच्या जोडीला हिवाळ्यात आणखी एक कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे नाव करायची, घाटांसमोरून निवांत जायचं आणि वाटेत ‘साइबेरियन पक्ष्यां’ना शेव घालायची. नावाडी लांबट हाळी देतो, मूठभर शेव पाण्यावर पडते आणि क्षणात पांढऱ्या पंखांचं वादळ नावेभोवती उठतं. लहान मुलं टाळ्या पिटतात. मोबाइल वर होतात. कोणीतरी म्हणतंच, “तेवढंच पुण्य.”

हा शेवटचा शब्द मला अडवतो. आनंद झाला, हे खरंच आहे. पण पुण्य झालं का?

हे पक्षी म्हणजे कुरव. काळ्या डोक्याचे कुरव युरोपापासून सायबेरियापर्यंत वीण घालतात, तपकिरी डोक्याचे लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी. थंडीत ते खाली उतरतात. तेव्हा नावातला तो काळा-तपकिरी रंग डोक्यावर नसतोच, डोळ्यामागे एक ठिपका तेवढा उरतो. परतीचे दिवस जवळ आले की रंग पुन्हा चढू लागतो. मासे, किडे, गांडुळं हे त्यांचं खाणं. तेल, मीठ आणि तिखट घातलेलं बेसन त्यात कुठेच बसत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांना गाठ्या घालणाऱ्यांनाही हे लागू आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची कसोटी सांगितली आहे. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक. ही कसोटी नावेत बसून लावून पाहावी. देश काशी, काळ पहाटेचा. तिथे काही उणं नाही. पात्राला मात्र हे अन्न मानवणारं नाही. आणि परतफेड? ती तर जागेवरच वसूल होते. पक्षी हाताजवळ येतो, चित्र टिपलं जातं. पक्षी आला नाही तर पुडी वाया गेली असं वाटतं. ज्यात घेणाऱ्यानं येणं ही देणाऱ्याची गरज असते, त्याला व्यवहार म्हणतात. व्यवहार वाईट नसतो, पण त्याला दानाचं नाव दिलं की तो तपासायचं आपण सोडून देतो.

पक्ष्याला घास घालण्याची दुसरी एक रीत मराठी माणसाला चांगली ठाऊक आहे. दहाव्याला पिंड ठेवतात आणि सगळे मागे सरतात. कावळा शिवेपर्यंत थांबायचं. कावळा येत नाही, तेव्हा कोणी पुढे होऊन म्हणतं, “लेकरांना सांभाळू, काळजी करू नका.” हे वचन गेलेल्या माणसाला असतं, कावळ्याला नव्हे. नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करतात. खऱ्याला धरून आणत नाहीत. या विधीवर विश्वास असो वा नसो, त्यातली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. पक्ष्यानं यावं की न यावं, हे पक्ष्यावर सोडलेलं असतं. तिथे उभा असलेला माणूस निमूट वाट पाहतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. शेवेच्या पुडीवर कोणाची तरी दिवसाची मिळकत असते. शहरात वाढलेलं मूल रानातला पक्षी इतक्या जवळून दुसरीकडे कुठे पाहणार? त्या एका सकाळीमुळे ते पुढे पक्ष्यांचं होऊन जाईलही. ही शक्यता मी नाकारत नाही. पण त्या सकाळी मूल नेमकं काय शिकतं, हेही विचारायला हवं. पुडी फोडली की पक्षी येतो, एवढंच शिकलं तर त्याच्या लेखी पक्षी आणि खेळणं यांत फरक उरत नाही. नावाड्याचं म्हणाल, तर पक्षी दाखवायलाही नाव लागतेच आणि नदीवर काय कुठे असतं, हे नावाड्याइतकं कोणाला ठाऊक?

घाटांसमोर पलीकडे रेती आहे. हिवाळ्यात तिथे भगव्या-तांबूस रंगाचे चक्रवाक उतरतात, पाण्याच्या कडेनं नदी-टिटवी चालते, कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. यांतलं कोणी हाकेला येत नाही. चक्रवाक तर नाव जवळ येताच उडतात. त्यांना पाहायचं तर नाव लांबच थांबवावी लागते, बोलणं बंद करावं लागतं आणि अर्धा तास काहीच घडलं नाही तरी कुरकुर न करता बसावं लागतं.

सुटीचा दिवस खरं तर याच्यासाठीच असतो. आठवडाभर आपण दिलं की मिळालं पाहिजे या हिशेबात जगतो. एक दिवस त्यातून सुटका हवी म्हणून घराबाहेर पडतो. तोच हिशेब शेवेच्या पुडीत घालून नदीवर न्यायचा, तर सुटी कसली? कुरवही पुडीवाचून तिथे असतातच. पाण्यावर बसतात, उठतात, मासा दिसला की झेपावतात. आपल्याकडे त्यांचं लक्ष नसतं. ते तसं नसताना त्यांच्याकडे पाहत राहता येणं, हे पुण्य की काय मला सांगता येणार नाही. पण त्यात त्यांचं काही जात नाही.