हस्तलिखित आणि फळ

उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकलेले, घरी मराठी बोलणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले थोर कवी झाले. 1943 च्या ‘तार सप्तक’ या संकलनात ते होते, पहिला स्वतंत्र कवितासंग्रह मात्र 1964 मध्ये निघाला, आणि तो हातात घ्यायला ते उरले नव्हते. अशी वाट पाहावी लागते, तेव्हा हस्तलिखितासाठी प्रकाशक वा एजंट शोधणं कधी थांबवावं, हा प्रश्न मुळात फलासक्तीचा आहे. गीता सांगणारा श्रीकृष्ण जिथे शिकला असं मानतात, त्या सांदीपनी आश्रमाच्या उज्जैनमध्ये उत्तर सोपं वाटेल: लिहावं, फळ सोडावं. पण वाचकाविना लेखन अपुरं राहतं, हा आक्षेप खराच आहे. माझ्या मते वाचकापर्यंत नेणं हा कर्माचाच भाग. स्वीकार हे फळ. म्हणून पाठवत राहणं ही आसक्ती नव्हे. नकाराच्या धास्तीने ‘अंधार’ खोडून ‘संध्याकाळ’ लिहावंसं वाटू लागलं, की शोध कर्मालाच खाऊ लागतो, तिथे थांबावं.

मग चिकाटीचं काय? मुक्तिबोध नियतकालिकांना कविता देत राहिले, पण दीर्घ कविता कुणाच्या सोयीसाठी आखूड केल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा लिहिल्या. मला चिकाटी दिसते ती इथे.