साक्ष जिभेची, निवाडा मनाचा

देव एकच आहे आणि महंमद त्याचे प्रेषित आहेत, एवढी साक्ष, म्हणजे कलमा, दिली की माणूस मुसलमान होतो. साक्ष जीभ देते; ती खरी की खोटी, हे ज्याचे त्याला ठाऊक. जीभ आणि मन यांत अंतर पडले तर काय, हा प्रश्न इस्लामला पहिल्या पिढीतच भेटला.

मक्केत अम्मार इब्न यासिर यांचा असह्य छळ झाला आणि त्यांच्या तोंडून धर्म नाकारणारे शब्द वदवून घेतले गेले. मन श्रद्धेवर स्थिर असेल तर बळजबरीच्या शब्दांचा दोष नाही, ही कुराणातील सवलत परंपरा त्यांच्याशी जोडते. मदिनेत नेमके उलटे. अब्दुल्लाह इब्न उबय याच्या ओठांवर कलमा होता, पण तो मुनाफिकांचा, म्हणजे दांभिकांचा, म्होरक्या मानला गेला. तरी तो मुसलमानांतच गणला गेला; त्याच्या जनाज्याची नमाज खुद्द प्रेषितांनी पढवल्याचे हदीस सांगते. लढाईत एकाने तलवार पाहून कलमा म्हटला, तरी उसामा इब्न झैद यांनी त्याला मारले. तो भीतीने म्हणाला, हे त्यांचे समर्थन. त्याचे काळीज चिरून पाहिलेस का, असे प्रेषितांनी त्यांना खडसावले.

ही मर्यादा पुढे खारिजींनी ओलांडली. 657च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर ते खलिफा अलींपासून फुटले. घोर पाप करणारा मुसलमानच नाही, मग तो कितीही कलमा पढो, असे त्यांचे म्हणणे. 661मध्ये अलींची हत्या एका खारिजीनेच केली. हा रक्तपात पाहून मुर्जिया म्हणवणाऱ्यांनी पापी माणसाचा निवाडा देवावर सोडला. मग वाद टोकाला गेला. जहम इब्न सफवानच्या मते मनाने ओळखले की इमान, म्हणजे श्रद्धा, पुरे. नवव्या शतकातील कर्रामियांच्या मते जिभेने म्हटले की पुरे. पहिले मत मानले तर उघड नाकारणाराही श्रद्धावान ठरतो, दुसरे मानले तर दांभिकही.

अबू हनीफा (मृत्यू 767) यांनी मनाची मान्यता आणि जिभेची कबुली दोन्ही आवश्यक मानली. महाराष्ट्रातील मकतबांत मुले पाठ करतात त्या ‘इमान-ए-मुजमल’ या श्रद्धावचनातही या दोन्ही गोष्टी आहेत. अहमद इब्न हनबल यांनी त्यांत आचरणही धरले. समरकंदचे मातुरीदी (मृत्यू 944) यांनी मात्र विभागणी केली: इमान मनाचे, कबुली लागते ती लग्न, वारसा, दफन अशा ऐहिक व्यवहारांसाठी.

दरम्यान सत्तेलाही मनात डोकावण्याचा मोह झाला होता. 833मध्ये खलिफा मामूनने कुराण निर्मित आहे, असे विद्वानांकडून वदवून घ्यायला सुरुवात केली. कित्येकांनी मान तुकवली. इब्न हनबलनी तुरुंग आणि फटके सोसले. अम्मार यांची सवलत होती, पण ती घेतलीच पाहिजे असे नव्हते. 1504मध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या स्पेनमधील मुसलमानांना उत्तर आफ्रिकेतील एका मुफ्तीने तीच सवलत देऊ केली: जबरदस्ती झाली तर बाहेरून वाकावे, मनातला संकल्प मोडू नये.

शब्दावर विश्वास ठेवण्याचा हा नियम भाबडा नाही. शब्द खोटा असू शकतो, हे तो बनवणाऱ्यांना पुरते माहीत होते. माणसाने माणसाच्या अंतःकरणाचा न्यायाधीश होऊ नये, म्हणून त्यांनी जिभेची साक्ष अखेरची मानली. पण तोच नियम उलटा फिरतो, तेव्हा कठोर होतो. मनातल्या शंकेची झडती न घेणारे अभिजात फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, धर्म सोडल्याची उघड कबुली देणाऱ्या पुरुषाला मृत्युदंड सांगते. जे मौनाला दिले, ते बोलण्यालाही द्यायचे का, हा वाद मुस्लिम विचारवंतांत आजही चालू आहे. काळीज चिरून न पाहण्याची ती ताकीद पुरती पाळायची, तर शिक्षेच्या भीतीने दिलेल्या साक्षीला काय मोल, याचे उत्तर द्यावेच लागेल.