जेनास शास्त्री आणि ज्ञानाची किल्ली

शास्त्रपाठ : तीत ३:१२-१४, लूक ११:४५-५२



पौलाच्या पत्रांचे शेवट आपण बहुधा घाईने वाचतो. सलाम, निरोप, कोणी कुठे यावे, कोणी काय आणावे, एवढेच त्यांत असते असे आपल्याला वाटते, आणि उपासनेत वाचन तेथवर आले की पुस्तक मिटण्याची तयारी सुरू होते. तीताला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी असेच एक नाव दडलेले आहे : जेनास शास्त्री. सगळ्या पवित्र शास्त्रात त्याचा उल्लेख एवढ्या एकाच ठिकाणी येतो. क्रेत बेटावर असलेल्या तीताला पौल कळवितो की, जेनास व अपुल्लोस यांना पुढच्या प्रवासाला नीट लावून दे, त्यांना कशाची वाण पडू देऊ नकोस. हा जेनास यहुदी नियमशास्त्र जाणणारा होता की रोमी कायद्याचा वकील होता याविषयी विद्वानांत दोन मते आहेत, कारण मूळ ग्रीक शब्द दोहोंना चालतो. त्या वादात आम्हांला शिरायचे नाही. कायदा जाणणारा एक मनुष्य मंडळीच्या कामासाठी वाटेला लागला होता, एवढे आम्हांला पुरे आहे.

शुभवर्तमानांत शास्त्र्यांचे नाव फारसे चांगले नाही हे शब्बाथ शाळेतली मुलेसुद्धा सांगतील. लूकाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री प्रभूची परीक्षा पाहण्यास उभा राहतो आणि शेजारी कोण, असा वकिली थाटाचा प्रश्न विचारतो. अकराव्या अध्यायात तर प्रभू त्यांना उघड दोष देतो. लोकांच्या पाठीवर अवजड ओझी लादता आणि स्वतः बोटही लावत नाही, हा पहिला दोष. दुसरा दोष त्याहून जड आहे : ज्ञानाची किल्ली तुम्ही काढून नेली, स्वतः आत गेला नाही आणि जे जात होते त्यांना अडविले. येथे प्रभू त्यांना अज्ञानी म्हणत नाही, हे ध्यानात घ्यावे. किल्ली त्यांच्याजवळ होती, आणि तक्रार आहे ती किल्ली खिशात ठेवल्याची.

या किल्लीचा विचार करताना आम्हांला अमेरिकेतील एका वकिलाचे चरित्र वारंवार आठवते. त्यांचे नाव चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. आपल्या वाचकांपैकी थोड्यांनीच ते ऐकले असेल. ३ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील दिवसा सरकारी कचेरीत काम करून रात्रीच्या वर्गात कायदा शिकले आणि वकील झाले. मुलगा हुशार निघाला; वयाच्या १९ व्या वर्षी, १९१५ साली, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून मानाने पदवीधर झाला. पुढे पहिले महायुद्ध आले. ह्यूस्टन लष्करात अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले, आणि आपल्याच सैन्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांकडून कृष्णवर्णीय शिपायांना कसा न्याय मिळतो हे त्यांनी तेथे पाहिले. जिवंत परतलो तर कायदा शिकेन आणि ज्यांना उलट हात उचलता येत नाही त्यांच्यासाठी लढेन, असा निश्चय त्यांनी तेथे केला.

निश्चय पुष्कळ जण करतात. ह्यूस्टन परतले, हार्वर्ड विद्यापीठात कायदा शिकले, तेथील प्रसिद्ध कायदेविषयक नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले, १९२३ साली डॉक्टरेट मिळविली आणि वडिलांच्या कचेरीत वकिली करू लागले. येथवर त्यांची गोष्ट कोणाही यशस्वी मुलाची आहे. आईवडिलांनी पेढे वाटावेत, मंडळीने उपकारस्तुतीची प्रार्थना करावी, आणि मुलाने शहराच्या चांगल्या भागात घर घ्यावे, अशी.

पण १९२९ साली त्यांनी वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदाशाळेची सूत्रे हाती घेतली. (हार्वर्ड आणि हॉवर्ड या नावांत वाचकांनी घोटाळा करू नये, पहिले श्रीमंत गोऱ्यांचे, दुसरे मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी १८६७ साली निघालेले.) दक्षिणेकडच्या राज्यांत त्या काळी कृष्णवर्णीय माणसाला स्वतःच्या समाजाचा चांगला शिकलेला वकील मिळणे दुर्मीळ होते. हॉवर्डची कायदाशाळा रात्रीची होती, आणि वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची तिला मान्यता नव्हती. ह्यूस्टन यांनी ती रात्रीची शाळा बंद केली. ज्या शाळेत दिवसभर राबून आपले वडील शिकले तीच शाळा! पुष्कळ जुने विद्यार्थी रागावले. गरिबाने दिवसा कॉलेजात यायचे तर पोट कसे भरायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आजही त्याला सोपे उत्तर नाही. परंतु ह्यूस्टन यांचे म्हणणे असे की, न्यायालयात समोरचा वकील आपल्या मुलाची गरिबी पाहून सवलत देणार नाही. १९३१ साल संपेपर्यंत शाळेला पूर्ण मान्यता मिळाली होती.

उत्तेजन या शब्दाचा आपण फार स्वस्त अर्थ करून ठेवला आहे असे आम्हांला वाटते. वार्षिक संमेलनात एक पेन, एक वही, टाळ्या, आणि पाळकसाहेबांबरोबर फोटो. ह्यूस्टन यांचे उत्तेजन वेगळ्या जातीचे होते. ते इतके काटेकोर होते की विद्यार्थी पाठीमागे त्यांना नावे ठेवीत. डॉक्टरची चूक मातीआड जाते, वकिलाची चूक चारचौघांत उघडी पडते, अशा अर्थाचे ते वर्गात सांगत. मुलांना ते न्यायालये आणि तुरुंग दाखवायला नेत. नामांकित वकिलांना वर्गात बोलावीत. वकील एक तर समाजाची घडी नीट बसविणारा असतो, नाही तर समाजाच्या अंगावर जगणारे बांडगूळ, असे त्यांचे मत होते. हे मत कडक आहे खरे. पण लूकाचा अकरावा अध्याय त्याहून सौम्य नाही.

त्यांच्या वर्गात बाल्टिमोरचा थर्गुड मार्शल नावाचा तरुण होता. त्याच्या स्वतःच्या राज्यातील, मेरीलँडमधील, सरकारी कायदाशाळेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून तो रोज आगगाडीने वॉशिंग्टनला जाई. फीसाठी त्याच्या आईने, जी शिक्षिका होती, आपल्या लग्नाच्या आणि वाङ्निश्चयाच्या अंगठ्या गहाण ठेवल्या होत्या. आपल्याकडच्या किती आयांच्या पाटल्या अशा सावकाराकडे गेल्या असतील! १९३३ साली मार्शल पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. दोनच वर्षांनी, १९३५ साली, गुरू आणि शिष्य बाल्टिमोरच्या न्यायालयात शेजारी उभे राहिले, आणि डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्याच मेरीलँडच्या कायदाशाळेत प्रवेश देण्याचा हुकूम त्यांनी मिळविला. जानेवारी १९३६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला.

त्याच काळात ह्यूस्टन यांनी हॉवर्डमधले स्थिर पद सोडून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे काम पूर्ण वेळ पत्करले. हातात कॅमेरा घेऊन ते दक्षिण कॅरोलिनातील खेड्यांत फिरले आणि गोऱ्या मुलांच्या व काळ्या मुलांच्या शाळांची चित्रे घेतली. हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. तेव्हा ते आपल्या लोकांच्या घरी उतरत, त्यांच्या पंक्तीला जेवत. तीताला पौलाने जे सांगितले होते ते त्या गरीब कुटुंबांनी केले : वाटेला लागलेल्या शास्त्र्याला कशाची वाण पडू दिली नाही.

येथे आम्हांला आपल्या जवळचे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. इंदूरजवळच्या महू छावणीत १८९१ साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली वडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला शिकत होते, तेव्हा ह्यूस्टन त्याच देशात कॉलेजात होते. बाबासाहेब १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. अशील मिळायला अजून जड जात असता वसतिगृह आधी! १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, आणि १९५० साली, त्या वेळी हैदराबाद राज्यात असलेल्या औरंगाबादेत, पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज. त्यांनी आपल्या धर्मावरही टीका केली होती, हे आम्ही विसरलो नाही. पण किल्ली खिशात ठेवल्याचा दोष त्यांना कोणी देऊ शकणार नाही, आणि आपण तर नक्कीच नाही.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. मंडळीला आपल्यातल्या वकिलाची आठवण केव्हा होते? जागेचा तंटा उभा राहिला, विश्वस्तांच्या निवडणुकीवर दावा लागला, स्मशानभूमीच्या भिंतीवरून नोटीस आली, की मग. भावाभावांनी न्यायासनापुढे जावे याविषयी पौलाने करिंथच्या मंडळीला काय लिहिले ते आपण जाणतो, तरी आपल्या वकिलाला आपण नेमके तेवढेच काम देतो, आणि वर तो मंडळीपासून दूर राहतो म्हणून कुरकुर करतो.

या मासिकाचे पुष्कळ वाचक महाराष्ट्राच्या बाहेर राहतात. आपल्या मुलाची अडचण तेथे तिपटीची आहे. घरात व उपासनेत मराठी, तालुक्याच्या कचेरीत कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू, आणि कॉलेजात इंग्रजी. दहावीनंतर अर्ज कोठे करावा, शिष्यवृत्तीसाठी कोणता दाखला लागतो, प्रतिज्ञापत्र कसे लिहावे, प्रवेश नाकारला तर दाद कोणाकडे मागावी, हे सांगणारा घरात कोणी नसतो. अशा घरातले मूल शब्बाथ शाळेत मात्र दर रविवारी आपल्यासमोर बसलेले असते. शिक्षकांनी एवढे केले तरी खूप आहे : पाठ संपल्यावर मोठ्या मुलामुलींना पुढे काय शिकणार हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर मंडळीतल्या वकिलाकडे, बँकेतल्या भावाकडे, परिचारिका असलेल्या ताईकडे स्वतः घेऊन जावे. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये. मुले अर्ध्या वाटेतून परत येतात. आणि वकीलबंधूंना विनंती अशी की, उपासनेनंतरचा एक तास दाव्यांच्या गप्पांत न घालविता या मुलांना द्यावा. त्यांचे इंग्रजी तपासावे, चुका दाखवाव्यात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लिहून आणण्यास सांगावे. जेनासाचे नाव घेतल्यावर लगेच पुढच्या वचनात पौल काय म्हणतो? आपल्या लोकांनीही गरजेच्या वेळी उपयोगी पडणारी चांगली कामे करण्यास शिकावे, म्हणजे ते निष्फळ होणार नाहीत. हेही शिकावेच लागते.

ह्यूस्टन यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९३८ साली मिसुरी राज्याच्या खटल्यात त्यांनी सर्वोच्च न्यायालयातून निर्णय मिळविला : कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला परराज्यात शिकण्याचे पैसे देऊन राज्याला आपले दार बंद करता येणार नाही. त्या वर्षी ते प्रकृतीमुळे वॉशिंग्टनला परतले, आणि संस्थेचे काम शिष्याकडे, मार्शलकडे, गेले. पण विश्रांती त्यांनी घेतली नाही. रेल्वेतील कामगार, घर नाकारलेली कुटुंबे, यांचे खटले चालूच होते. शेवटी गार्डनर बिशप नावाचा एक न्हावी शहरातील गरीब पालकांच्या वतीने त्यांच्याकडे आला. मुलांच्या शाळा मोडकळीस आल्या होत्या. ह्यूस्टन यांनी फी न घेता ते काम हाती घेतले. मग हृदयविकाराने अंथरूण धरले, तेव्हा त्यांनी बिशप यांना आपले सहकारी जेम्स नॅब्रिट यांच्याकडे जाण्यास सांगितले.

दाविदाने मंदिरासाठी दगड, लोखंड आणि गंधसरूचे लाकूड साठविले आणि बांधण्याचे काम कोवळ्या शलमोनाच्या हाती सोपविले, हे १ इतिहासाच्या बाविसाव्या अध्यायात आपण वाचतो. त्याला स्वतःला ती इमारत दिसली नाही. ह्यूस्टन २२ एप्रिल १९५० रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी वारले. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला. त्या दिवशी दोन निकाल लागले. राज्यांतील शाळांविषयीचा खटला मार्शल व त्यांच्या सोबत्यांनी लढविला होता, आणि वॉशिंग्टनच्या शाळांविषयीचा नॅब्रिट यांनी. मार्शल पुढे १९६७ साली त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, आणि या साऱ्या कामाचे श्रेय ते आपल्या गुरूलाच देत राहिले. निकालाच्या दिवशी ह्यूस्टन यांचा एकुलता एक मुलगा दहा वर्षांचा, शाळेत जाण्याच्या वयाचा होता.