विश्वास आणि नोंदवही

लेकीच्या बाळंतपणासाठी मी काही महिने इंग्लंडमध्ये होते. माझी परतण्याची वेळ जवळ आली, तशी तिची कामावर रुजू होण्याची तारीखही येऊन ठेपली. नातवाला चाइल्डमाइंडरकडे, म्हणजे स्वतःच्या घरी मोबदला घेऊन मुले सांभाळणाऱ्या बाईकडे, ठेवायचे ठरले.

"परक्या बाईच्या हाती?" माझ्या तोंडून निघून गेले.

लेक शांतपणे म्हणाली, "आई, तू नोकरीला जाताना मला शेजारच्या मावशींकडे ठेवायचीस. तेव्हा तू त्यांना काय विचारलं होतंस?"

मी निरुत्तर झाले. मी काहीही विचारले नव्हते. मावशी आपल्यातल्या होत्या, एवढे मला पुरेसे वाटले होते.

इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालील मूल दिवसाकाठी दोन तासांहून अधिक वेळ पैसे घेऊन घरी सांभाळायचे असेल, तर कायद्याने नोंदणी करावी लागते. २००१ पासून हे काम 'ऑफस्टेड' ही शासकीय संस्था पाहते. घरात राहणाऱ्या १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आवश्यक असते. एका बाईकडे एका वेळी आठ वर्षांखालील सहापेक्षा अधिक मुले नसावीत, त्यांतही अगदी लहान तीनच आणि वर्षाच्या आतले सर्वसाधारणपणे एकच, असा दंडक आहे. तपासनीस येतात आणि त्यांचा अहवाल कोणालाही वाचता येतो.

हे सारे ऐकून मनात प्रश्न उभा राहिला : माया नोंदवहीत कशी उतरणार? रडणाऱ्या मुलाला किती वेळ कडेवर घ्यावे, हे कोणता तपासनीस ठरवणार? नोंदणीलाही मर्यादा आहेत. २००९ मध्ये बकिंगहॅमशायरमधील दोन पोलीस अधिकारी मैत्रिणी आळीपाळीने एकमेकींची मुले सांभाळत होत्या. पैशांची देवघेव नसूनही हा परस्परांचा लाभ 'मोबदला' ठरवून त्यांना नोंदणी करण्यास सांगण्यात आले. लोकांनी तीव्र आक्षेप घेतला, तेव्हा शासनाने मैत्रीतल्या अशा सांभाळाला नोंदणीतून वगळले. मैत्रीलाही परवाना लागू लागला, तर शेजारधर्म उरणार कोठे?

तरीही लेकीचा प्रश्न मला सोडीना. मोठ्या माणसाचा विश्वासघात झाला तर त्याला निदान तक्रार करता येते. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीने विश्वास ठेवतो आपण, आणि तो चुकला तर किंमत मोजते ते मूल. मग 'त्यांना काय वाटेल' या संकोचापोटी न विचारलेला प्रश्न, हा सौजन्याचा भाग म्हणावा की निष्काळजीपणाचा? मावशी प्रेमळच निघाल्या, हे माझे भाग्य. त्यात माझा विवेक कोठेच नव्हता.

दुसरी अढी पैशाची. विकत घेतलेली माया खरी कशी, असे आपण सहज म्हणतो. निर्गमाच्या पुस्तकातील मोशेची कथा आठवावी. फारोच्या कन्येने नदीतून उचललेले बाळ वेतन देऊन एका दाईकडे सोपवले, आणि ती दाई त्या बाळाची जन्मदात्रीच होती. वेतन मिळाले म्हणून तिचे दूध काही पातळ झाले नाही. किंबहुना जी बाई दिवसभर आपले मूल उराशी धरते, तिला रास्त मोबदला न देता केवळ 'माये'ची अपेक्षा करणे, हाच अन्याय आहे. माझ्या मावशींना मी सणासुदीला साडी देत असे आणि त्यातच कृतकृत्य होत असे.

नोंदणी मायेची हमी देत नाही. मुलाची जबाबदारी कोणावर आहे आणि जाब कोणाला विचारायचा, एवढे ती निश्चित करते. पुढचे पाहणे आईबापांचेच. संध्याकाळी मूल परत घेताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे काम कोणत्याही कार्यालयाकडे सोपवता येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी लेकीबरोबर त्या बाईंच्या घरी गेले. भिंतीवर प्रमाणपत्र होते. ते मी चष्मा लावून वाचले. बाईंना त्याचा राग आला नाही. उलट त्यांनीच मला विचारले, "याला झोपवताना तुम्ही काय म्हणता?" मी सांगितले. त्यांनी वही काढली आणि आपल्या लिपीत सावकाश लिहून घेतले : जो जो.