भिंगारमधलं भंगार

नगरजवळच्या भिंगारला राहणाऱ्याला 'भिंगार की भंगार?' ही कोटी जन्मभर ऐकावी लागते. माझ्या बाबतीत ती खरीच आहे म्हणा. भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचललेलं, ओतीव लोखंडाचं, ढकलून चालवायचं गवत कापायचं यंत्र परसात आहे. त्याचे बोल्ट आठ दिवस रॉकेलात भिजले, तेव्हा कुठे हलले.

पण खरी कसोटी जुळणीची. फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कपटा धरायचा आणि पात्यांचा रूळ हाताने हळूच फिरवायचा. कपटा चुरगळला, की पुन्हा पाना घ्या. कात्रीने कापावा तसा सरळ कापला गेला, तर जमलं. लोकरी कापडावरची लव छाटणारं गिरणीतलं यंत्र पाहून १८३० साली इंग्लंडच्या एडविन बडिंगला गवत आठवलं, हे गवत कापायचं यंत्र त्याचीच करामत.

जवळच १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथली जुनी रोल्स रॉइस चिलखती गाडी पाहिली, की मला आधी तिचे बोल्ट दिसतात.

काल कपटा सरळ कापला गेला. आता परसात गवत तेवढं उगवायला हवं. नगरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे.